ऐकण्याची नोकरी

सोमवार, ३ फेब्रुवारी

लागली. नोकरी लागली.

घाईघाईने लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. एरवीही काही फार बरं नाही. शाळा सातवीत सुटली, त्यानंतर वाण्याकडची यादी सोडून मी काही लिहिलेलं नाही. ही डायरी बाईंनी दिली. म्हणाल्या, माझ्याकडे काम करणाऱ्याने रोज दोन ओळी लिहायच्या, कशाही लिही, मी कधी वाचायला मागणार नाही.

बाई म्हणजे त्या पुस्तकं लिहिणाऱ्या. कारखान्यात, ऑफिसात, मोठमोठ्या हॉलमध्ये जाऊन भाषणं करतात. मशीन आलं, साहेब बदलले, कामाची पद्धत बदलली, तरी माणसाने सकाळी उमेदीने उठून कामावर कसं जावं, हा त्यांचा विषय. मला वाटलं होतं झाडूपोछा असेल. तसं काही नाही. काम काय, तर खुर्चीवर बसून ऐकायचं. बाहेर बोलायच्या आधी बाई सगळं भाषण घरी उभ्या राहून म्हणून बघतात, आणि समोर असं माणूस लागतं ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नियम एकच. जांभई आली की हात वर करायचा. बाई तिथे पेन्सिलीने खूण करतात आणि तेवढं कापून टाकतात.

मी विचारलं, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढंच, पण खरं.

आणि भिंगरीला आणलं तरी चालेल म्हणाल्या. माझी दीड वर्षाची पोर एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो, तिला घेऊन कोण नोकरी देतं? मी तर तिथेच बाईंच्या पाया पडणार होते.

माझ्या आधी एक मावशी होत्या. त्यांना का सोडलं विचारलं तर बाई म्हणाल्या, त्यांचा उपयोग होईना. म्हणजे सारख्या हात वर करत असणार. कोणाला आवडेल? मी तशी चूक करायची नाही. आमचे हे साबणाच्या कारखान्यात पेट्या भरायचे. लोखंडी हातांचं मशीन आलं आणि ह्यांची अख्खी ओळ घरी बसली. तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून असतात. आता घरात कमावती मी. हे लिहिताना छाती धडधडतेय, पण छान धडधडतेय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काचेचं दार, उंच लाकडी स्टँड, त्यावर गरम पाण्याचा ग्लास. बाई अनवाणी फिरत बोलतात. पहिला भाग इतका छान की मी खुर्चीच्या टोकावर आले. माणूस सकाळी डोळे उघडतो तेव्हा पहिल्यांदा मनात काय येतं, ते त्यांनी असं सांगितलं की जणू आमच्याच घरात डोकावून आल्यात.

मग दुसरा भाग आला. संस्था, प्रक्रिया, सहभाग, मग फळ्यावर गोल, गोलात गोल. भिंगरीचे दात येतायत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली यायला लागल्या. हात वर करावा म्हटलं, पण आधीच्या मावशी आठवल्या. दुसऱ्याच दिवशी बाईंचं भाषण कंटाळवाणं म्हणायचं? मग बाहीच्या आत, दंडाला आतल्या बाजूने, जिथे जास्त दुखतं तिथे, जोरात चिमटा काढला. टक्क जागी झाले.

शेवटी बाईंनी विचारलं, कुठेच नाही? मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं भाषण मीच केलंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज घरी स्वयंपाक करता करता ह्यांना पहिला भाग सांगितला. बाईंसारखी फिरत, हातात पळी धरून. ह्यांनी तोंड वळवलं नाही, पण मी थांबले तर म्हणाले, मग पुढे? मला इतका आनंद झाला की भाजी करपली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज दुसरा भाग दोनदा. दंड ठणकतोय. भिंगरी त्या भागाला हटकून झोपते, पण तिला नियम लागू नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज बाईंच्या मनाचा मोठेपणा बघितला.

भिंगरीने शाईत हात घातले. तिला धुवायला मी बाही वर केली आणि विसरूनच गेले. मागे वळले तर बाई माझ्या दंडाकडे बघतायत. तोंडचं पाणी पळालं. पकडले गेले, संपलं. त्यांनी विचारलं, हे काय झालं गं? मी पटकन म्हटलं, दारावर आपटलं. त्यांनी हळूच विचारलं, तुझे यजमान हल्ली घरीच असतात ना? मी म्हटलं हो. चिडतात का? मी खरं ते सांगितलं, की काम गेल्यापासून कधीकधी चिडतात, माणूसच आहे.

बाईंचे डोळे भरून आले. खांद्यावर हात ठेवला, त्यांचा स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला, म्हणाल्या, कधीही फोन कर, मध्यरात्रीसुद्धा, मी दार उघडीन.

मला चिमट्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. जीव भांड्यात पडला. पण मध्यरात्री मी कशाला फोन करू? भाषण ऐकायला?

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज एकही चिमटा काढला नाही. लागलाच नाही.

बाईंनी भाषणात नवीन गोष्ट घातली. एक तरुण मुलगी असते, कडेवर पोर. नवऱ्याचं काम मशीनने घेतलेलं. तो सगळा राग तिच्यावर काढतो, तिचे दंड काळेनिळे. कोणी विचारलं तर म्हणते दारावर आपटलं. आणि तरी ती रोज सकाळी हसत कामावर येते. तिच्यात हे बळ कुठून येतं, असं बाई विचारतात आणि थांबतात. मी हुंदके देऊन रडले. बिचारी. दारांवर किती जणी काय काय ढकलतात. मीही दारच सांगितलं होतं, पण माझी गोष्ट वेगळी.

बाई पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, तुला चालेल ना मी हे सांगितलं तर? मी म्हटलं, बाई, हे तर सांगितलंच पाहिजे, सगळ्या हॉलमध्ये सांगा. त्यांनी माझा हात दाबला.

घरी ह्यांना सांगितली. हे उठून बसले. म्हणाले, असल्या माणसाला चौकात उभा केला पाहिजे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ह्यांच्याच साबणाच्या कारखान्यात आज बाईंचं भाषण झालं. मी त्यांच्या घरी वाट बघत होते. परत आल्या त्या दारातूनच बोलत. मधल्या भागात लोक फोनमध्ये बघत होते, त्या मुलीच्या गोष्टीला मात्र सगळी कँटीन चिडीचूप, आणि शेवटी उभं राहून टाळ्या. भिंगरीला उचलून गरकन फिरवलं. म्हणाल्या, हे तुझ्यामुळे. मी काय केलं ते कळलं नाही, पण मीही नाचले. पुढच्या शुक्रवारी सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये भाषण आहे, मला बरोबर नेणार आहेत. पुढच्या रांगेत.

रविवार, २३ फेब्रुवारी

माझा हात चालत नाहीये.

दुपारी वन्सं आली. ह्यांची धाकटी बहीण, त्याच कारखान्यात लेबलं लावते, तिची ओळ अजून शाबूत आहे. चपलाही न काढता आत. मला म्हणाली, वहिनी, बाही वर कर. मी म्हटलं, काय झालं वन्सं? ती म्हणाली, आधी वर कर.

केली. ती मटकन खाली बसली.

मग सगळं बाहेर आलं. बाई भाषणात म्हणाल्या होत्या, ती मुलगी रोज माझ्यासमोर खुर्चीवर बसते, दीड वर्षाची पोर घेऊन, आणि तिचा नवरा याच कारखान्यात पेट्या भरायचा. नाव नाही घेतलं. नावाची गरजच काय राहिली? मी कुठे कामाला जाते ते अख्ख्या ओळीला माहीत. वन्संच्या शेजारी बसलेली म्हणाली, तुझा दादा असा निघाला होय.

मी डोळे फाडून ऐकत होते. ती मुलगी मी. मी माझ्यासाठीच रडले होते. बिचारी म्हणाले होते.

हे कोपऱ्यातून उठले, माझा दंड हातात घेतला. इतका हळू, जसा साबण ओला असताना धरतात. विचारलं, हे कुठून आलं? मी सांगितलं. चिमटे, दुसरा भाग, जांभया, सगळं.

वन्सं म्हणाली, म्हणजे तू न झोपण्याचा पगार घेतेस, आणि त्यात माझ्या भावाची अब्रू गेली. चांगली नोकरी शोधलीस.

हे हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "जिथे सांगितलं तिथे जाऊन त्या बाईने खरं सांगितलं पाहिजे."

म्हणजे मी आधी बाईंना सांगायला हवं. की तुमचं भाषण ऐकताना मला झोप येते, आणि मी इतके दिवस तुम्हाला फसवलं. मग कुठली नोकरी.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नाही सांगितलं. काल नाही, आजही नाही. बाई नवी साडी आणून मला दाखवत होत्या, मोठ्या हॉलसाठी. माझी बोबडी वळली.

हे सकाळी चहाच्या टपरीवर गेले होते. बाकावर ह्यांच्या ओळीतलेच चौघे होते, कोणी सरकून जागा दिली नाही. एकजण म्हणाला म्हणे, बायकोवर मर्दुमकी दाखवतोस, मशीनवर दाखवायची होती. हे मला काही बोलले नाहीत, ते मला वन्संकडून कळलं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी जेवायला वाढलं तर म्हणाले, तू जेव, तुला कामाला जायचंय.

ह्याच्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भित्री आहे. लिहूनच ठेवते. मी भित्री आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सांगितलं. अजून खरं वाटत नाही, पण सांगितलं.

मोठ्या हॉलमध्ये आज तालीम होती. हजार खुर्च्या असतील, सगळ्या रिकाम्या, पुढच्या रांगेत मी आणि भिंगरी. वर शिडीवर एक लाइटवाला दिवे बसवत होता. बाई स्टेजवर. दुसरा भाग झाला, मी चिमटा काढला, सवयीने. मग त्या म्हणाल्या, एक तरुण मुलगी आहे, आणि मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं. पायच उभे राहिले.

मी म्हटलं, बाई, तिच्या नवऱ्याने काही केलेलं नाही.

त्या थांबल्या. खाली उतरून आल्या. मायेने म्हणाल्या, अगं, घाबरू नकोस, तुझं नाव मी कुठे घेतलंय? मी म्हटलं, ते डाग माझे मीच केलेत. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, सगळ्या असंच म्हणतात गं.

आता बाईंना कसं पटवू? मी बाही वर केली आणि त्यांच्यासमोर करकचून चिमटा काढला. म्हटलं, असे. तुमचा दुसरा भाग सुरू झाला की माझे डोळे मिटतात. हात वर केला तर नोकरी जाईल, म्हणून.

वर शिडीवर लाइटवाला खोकल्यासारखा हसला.

बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मी डोळे मिटून घेतले. आता हाकलणार.

त्या म्हणाल्या, "नक्की कुठे कुठे?"

मी डोळे उघडले. त्यांनी चष्मा लावला होता, पेन्सिल काढली होती. मग मी दाखवलं. हा पिवळा पडलेला प्रक्रियेचा. हे तीन जवळजवळचे गोलात गोल काढता तेव्हाचे. हा काळा त्या परदेशातल्या साहेबाच्या किश्श्याचा, तो फार लांबतो. बाई माझ्या दंडाकडे बघत होत्या आणि कागदावर खुणा करत होत्या. शेवटी दुसऱ्या भागात काही उरलंच नाही.

मग स्टेजच्या कडेला बसल्या, पाय खाली सोडून, लहान मुलीसारख्या. म्हणाल्या, आधीच्या मावशींना मी का सोडलं माहितीये? त्यांनी कधी हातच वर केला नाही.

मला हसावं की रडावं कळेना. पण अजून एक राहिलं होतं. मी ह्यांचं म्हणणं सांगितलं, की जिथे सांगितलं तिथे जाऊन खरं सांगा. बाईंनी विचारलं, कारखान्यात? सगळ्यांसमोर? काय सांगू, माझ्या भाषणाला तू चिमटे काढत होतीस? माझ्या तोंडातून हो निघून गेलं. 'हो बाई' सुद्धा नाही, नुसतं हो.

त्यांनी कागद गोळा केले. मग म्हणाल्या, तू घरी जा. उद्या येऊ नकोस.

पण येताना रस्त्यात मी जवळजवळ धावत होते आणि भिंगरी कडेवर खिदळत होती. नोकरी गेली बहुतेक. तरी असं अंग हलकं का वाटतंय?

शनिवार, १ मार्च

वन्सं आज दारातूनच हसत आली. आधी चहा मागितला, मग सांगितलं.

काल मोठ्या हॉलमध्ये बाईंचं भाषण कसं झालं ते तिला माहीत नाही, फक्त फार लवकर संपलं असं ऐकलं. पण आज जेवणाच्या सुट्टीत बाई कँटीनमध्ये आल्या. माईक नाही, नवी साडी नाही. बाकावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या एका माणसाबद्दल मी इथे खोटं सांगून गेले. त्याने बायकोला कधीही मारलेलं नाही. ते डाग माझ्या भाषणाचे आहेत." आणि मग सगळं सांगितलं, जांभईच्या नियमापासून.

घास तसेच हातात राहिले. मग बॉयलरकडचा एक म्हातारा म्हणाला, बाई, आधी सांगायचं ना, आम्हीही नखं वाढवून आलो असतो. वन्सं म्हणते, असा हशा झाला की ताटं वाजली. बाईही हसल्या, हसता हसता डोळे पुसत होत्या. वन्संचं मत, भाषणापेक्षा हेच बरं होतं, आणि एक अक्षर कंटाळवाणं नव्हतं. तिला बाई आवडल्यात, पण कबूल करणार नाही.

हे म्हणाले, बाई काय म्हणाली ते परत सांग. वन्संने सांगितलं. कधीही मारलेलं नाही, असंच म्हणाली? अगदी असंच, दादा. सगळ्यांसमोर? सगळ्यांसमोर.

ह्यांनी उठून तोंड धुतलं, केस विंचरले आणि टपरीवर गेले. अंधार पडला तरी आले नाहीत. इतक्या दिवसांत ह्यांना उशीर झाला म्हणून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी बाईंचा फोन. ये, एवढंच. मी ह्यांना म्हटलं, हिशोब करायला बोलावलं असेल. हे म्हणाले, मग मी घ्यायला येईन, एकटी रडत येऊ नकोस.

बाईंचे केस विस्कटलेले, जमिनीवर सगळीकडे फाडलेली पानं, भिंगरीला तर मजाच. भिंतीवर एक नवा फोटो लावलाय, पितळी बटणांच्या गणवेशातला कोणी म्हातारा. मी विचारलं, मी येऊ की जाऊ? त्या म्हणाल्या, बस आधी. त्यांच्या हातात एकच पान होतं, ते त्या वाचायला लागल्या.

एक लिफ्टवाला असतो. पितळी बटणांचा गणवेश घालून, स्टुलावर बसून, आयुष्यभर लोकांना वरखाली नेतो. एक दिवस लिफ्ट आपली आपण चालणारी येते. त्याला सांगतात, उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवशी तो येतो. गणवेश घालून. लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभा राहतो. लोक आपापली बटणं दाबतात, त्याच्याकडे बघत नाहीत. मजला येतो, दार उघडतं, तो म्हणतो, सावकाश.

तिथे बाईंचा आवाज बसला. बहुतेक सर्दी. मी श्वास घ्यायला विसरले होते. दंडाची आठवणसुद्धा नाही.

वर बघितलं तर काचेच्या दाराबाहेर हे उभे. कधी आले कोण जाणे. बाईंनी दार उघडलं. मग बाई म्हणाल्या, चुकले मी. हे म्हणाले, ऐकलं मी, कारखान्यात काय बोललात ते. आणि चप्पल काढून आत येत म्हणाले, ते लिफ्टवाल्याचं पहिल्यापासून वाचा, मला अर्धंच ऐकू आलं.

बाईंनी पहिल्यापासून वाचलं. हे भिंतीला टेकून, भिंगरीला मांडीवर घेऊन, बाईंकडे तोंड करून ऐकत होते. मला उद्या वेळेवर ये म्हणाल्या. म्हणजे नोकरी आहे. आहे.

घरी येताना भिंगरी ह्यांच्या खांद्यावर. अर्ध्या रस्त्यात ह्यांनी विचारलं, मग त्या लिफ्टवाल्याचं पुढे काय झालं? मी म्हटलं, मला काय माहीत, बाईंनी तिथपर्यंतच लिहिलंय. पुढचं त्यांना सुचत नाहीये.

ह्यांनी भिंगरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. वळणावर आल्यावर म्हणाले, रोज तसाच उभा राहिला नसेल. काहीतरी केलं असेल त्याने.

मी म्हटलं, काय केलं असेल?

हे म्हणाले, "बघतो. उद्या मीच येतो तुझ्या बाईंना सांगायला."